बुटातले हरभरे

पहिल्याच दिवशी आप्पा सरांनी माझ्या हातावर मूठभर हरभरे ठेवले आणि म्हणाले, "बुटात घाला, डॉक्टर." नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंटर्न म्हणून शिरूरच्या दवाखान्यात मेडिसिन शिकायला गेलो होतो आणि तिथले मोठे डॉक्टर, म्हणजे हेच आप्पा सर, माझ्या कानांत कापूस कोंबत होते. मग माझ्या चष्म्याला खोबरेल चोपडलं, गुडघ्याला फळी बांधली आणि मेथीची जुडी आणायला मला बाजारात पिटाळलं. "आधी म्हातारं होऊन या, मग म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावा," असा त्यांचा नियमच होता.

बाजारात मला कुणाचं काही धड ऐकू येईना. कोण काय विचारेल त्याला मी आपली मान हलवत राहिलो. एका पैलवानानं काखेत धरून मला रस्ता पार करून दिला. त्या बाजूला मला जायचंच नव्हतं. परत आलो तेव्हा हातात मेथीऐवजी जिवंत कोंबडा होता.

सरांनी कोंबड्याकडे गंभीरपणे पाहिलं. "न कळता मान हलवली ना? वॉर्डातली म्हातारी हेच करत्यात. आन् आपण लिहितो, पेशंटला सगळं समजलं." कोंबडा पुढं आठवडाभर दवाखान्याच्या आवारात फिरत होता.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे, जो बोलतो तो पेशंट. एकदा इनामगावकडचे एक धनगर आबा थोरल्या मुलाबरोबर आले. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, सगळं मुलगाच सांगायला लागला. सरांनी शांतपणे मुलालाच टेबलावर झोपवलं आणि त्याचा गुडघा दाबायला घेतला. तो बिचारा ओरडला, दुखतंय आबांचं! "मग आबांना तोंड हाय की," सर म्हणाले. आबा इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि खरा आजार छातीत आहे हे तेव्हा कळलं.

पुढं मी दौंडला स्थिरावलो. सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, ते शिरूरला एकटेच राहू लागले. मग एक दिवस ते बाथरूममध्ये पडले आणि त्यांचा मुलगा प्रमोद त्यांना गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला. त्याला त्यांना पुण्याला, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. एकटं राहणं आता जमणार नाही एवढं मी सांगावं, मग बाबा ऐकतील, असं त्याचं म्हणणं. सर शेजारी बसून त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. ती मान मी ओळखली; बाजारात मी अशीच हलवली होती.

तपासलं. हाडं शाबूत, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. मी नर्सला हरभरे आणायला सांगितले.

प्रमोद भला माणूस, पण गुडघ्याला फळी बांधून घेताना त्यानं मला वेड्यातच काढलं असणार. त्याला मेथीला धाडून आम्ही दोघं चहा पीत बसलो. तासाभरानं प्रमोद लंगडत आला. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. नव्या मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनाला दुकानवाल्यांना कुणी ज्येष्ठ माणूस हवा होता, कुणीतरी याला काहीतरी विचारलं आणि यानं मान हलवली. फीत कापून आला होता गडी.

मला हसू आवरेना. प्रमोद मात्र हसला नाही. कानांतला कापूस काढून तो वडिलांसमोर बसला. "बाबा, फ्लॅटचं बोलत होतो तेव्हा तुम्ही मान हलवत होता. ती कसली?"

सरांचे डोळे भरून आले. "मला शिरूरलाच ऱ्हायचंय रे."

पडायला नको म्हणून प्रमोदनं बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, दिवसभरासाठी एक बाई ठेवली आणि दर रविवारी तो येऊ लागला. सर शेवटपर्यंत शिरूरलाच राहिले, स्वतःची मेथी स्वतः आणत. दहाव्याला प्रमोद माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, त्या दिवशी विचारलं नसतं, तर अकराव्या मजल्यावर ते मान हलवतच गेले असते."