ड्रायव्हरच्या बाजूला

वणीत शीलाला सगळे बडबडी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. गाडीत बसली की तिचं तोंड सुरू होतं ते उतरेपर्यंत बंद होत नाही. नवरा धर्मपाल एकतीस वर्षं कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याच्या बाजूला बसून ती माहेरी आर्णीला गेली, लग्नांना गेली, नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. पण वाटेत काय काय पाहिलं म्हणून विचारा, तिला सांगता येणार नाही. सगळा वेळ तिचं लक्ष नवऱ्याच्या पापण्यांवर.

ट्रकवाल्यांच्यात रीतच आहे, ड्रायव्हरच्या बाजूला बसणाऱ्यानं डोळा मिटायचा नाही. बाजूचा पेंगला की ड्रायव्हरलाही झोप धरते. शीला ही रीत शिकली ती एका दुपारी. लेक प्रेरणा तेव्हा सहा महिन्यांची, मांडीवर. करंजी गावाच्या पुढे धर्मपालची मान अलगद खाली गेली. चार झाडं मागे पडतील एवढाच वेळ. "अहो, जवस फुललं पाहा!" शीला ओरडली आणि तो जागा झाला. आपला डोळा लागला होता हे त्याला आजही माहीत नाही. एकतीस वर्षांत एकदाही झोपलो नाही, असं तो चारचौघांत छाती फुगवून सांगतो, तेव्हा शीला मुकाट्यानं चहा गाळत असते.

यंदा तो ट्रकवरून कायमचा उतरला, जुनी पण धडधाकट मोटार घेतली, आणि सांचीचा स्तूप पाहायला जायचं ठरलं. तेव्हापासून शीला भर दिवसा स्वप्नं पाहू लागली. भाजी निवडता निवडता हात थांबायचा. समोर एक मोठी खिडकी यायची, खिडकीबाहेर सावकाश फिरणारी शेतं, आणि आपण गप्प. भाजी तशीच राहायची.

"मले रेल्वेनं जायचं हाय," एक दिवस ती बोलली.

धर्मपाल मोटार पुसत होता. "काहून वं? दाराशी गाडी उभी हाय, रेल्वे कायले? मनात येईन तिथं थांबू, नाश्ता करू, डोंगर पाहू. रेल्वे काय तुयासाठी थांबते?"

"बाबा, पूर्ण दिवस चालवा लागन," प्रेरणा मोबाइलमध्ये पाहत म्हणाली.

"मंग? एकतीस वर्सं चालवली. एक डाव तरी डोळा लागला काय माया? इचार तुह्या मायले."

दोघांनीही शीलाकडे पाहिलं. ती पोळी करपते आहे म्हणून आत गेली. तव्यावर पोळी नव्हतीच.

मग चार दिवस तिच्या सबबी निघत राहिल्या. गुडघे आखडतात. घाट लागतात. गाडीत मळमळतं म्हणाली, तेव्हा तर प्रेरणालाही हसू आवरेना. ट्रकच्या डिझेलात जिचा जन्म गेला तिला मोटारीत मळमळणार! धर्मपाल मात्र हसला नाही. आपली गाडी हिला आवडली नाही असंच त्यानं मनाला लावून घेतलं. पाचव्या दिवशी तो जेवताना म्हणाला, "सांग ना सरळ, भंगार वाटते तुले."

शीलानं ताट बाजूला सारलं.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली. "पण गाडीत मले बोला लागते. थकली मी आता. मले एक डाव चुप बसून जायचं हाय."

"कोन सांगते तुले बोलाले?"

सवयीनं तिची नजर त्याच्या पापण्यांवर गेली. त्याचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत बसला, मग उठला, हात धुतले आणि बाहेर जाऊन मोटारीवर ताडपत्री टाकून आला. "काढ बाई तिकिटं," तो प्रेरणाला म्हणाला.

चंद्रपूरहून सकाळची गाडी मिळाली. खिडकी शीलाची. वरोऱ्यापर्यंत सवयीनं तिचं तोंड तीनदा उघडलं आणि मिटलं. मग ते विसरूनच गेलं. कापूस सरला, नागपूर मागं पडलं, संत्र्याचे बगीचे आले, डोंगर आले. बोगद्यात अंधार व्हायचा, पुन्हा हिरवा उजेड डोळ्यांत भरायचा. आपण जागे आहोत की स्वप्नात, हे तिला कळेना, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

सहज तिनं वळून पाहिलं. धर्मपालची मान खाली चालली होती.

तिचा हात आपोआप त्याच्या गुडघ्यावर पडला, ओठांवर हाक आली. त्याच्यापुढे स्टिअरिंग नव्हतं, हे तिला मग दिसलं.

तो दचकला. "जागाच हाय मी," पुटपुटला.

"झोपा," शीला म्हणाली. "झोपा तुमी निवांत."

त्यानं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं आणि थोड्याच वेळात घोरू लागला. बाहेर दरीत एक नदी लागली, सागाच्या रानातून वाकत बराच वेळ सोबत चालली. शीलानं ती शेवटपर्यंत पाहिली.