सात पोरांचा बाप आणि क्लोरीनचं पिंप

अख्ख्या होंडुरासमध्ये मला आजवर कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. फुटबॉलच्या संघात नाही, चर्चच्या गायनातही नाही. निवडलं ते पाण्याच्या कमिटीनं, आणि तेही अकलेसाठी नव्हे, सात पोरांसाठी.

झालं असं, की परदेशातल्या एका चर्चचे इंजिनिअर आमच्या एल कारिसालमध्ये आले. प्रार्थना करत, घाम गाळत त्यांनी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पाइपातून गावात आणलं. वर टाकी बांधली आणि टाकीवर एक प्लॅस्टिकचं पिंप ठेवलं. त्यातून क्लोरीन थेंबथेंब पाण्यात पडायचं. पहिल्याच दिवशी कॉफीला दवाखान्याचा वास आला. पान्फिलाआजीनं गावातली निम्मी बाळंतपणं केलेली, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "हे पाणी पिऊन बाप्ये कामातनं जातील. पोरं व्हायची नाहीत कुणाला." झालं! बायका पुन्हा बादल्या घेऊन ओढ्यावर जायला लागल्या.

पास्टर अबुंदियोनं पाण्याच्या कमिटीची सभा घेतली. "पाण्यात औषध टाकायचं काम कोण करणार?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"निकानोरला द्या," पान्फिलाआजी म्हणाली. "आणि रोज हेच पाणी पाजा त्याला. त्याचा कारखाना बंद पडला, तर समजा म्हातारी खरं बोलत होती."

हशा पिकला. माझी मात्र छाती फुगली. रोज सकाळी मी टाकीवर चढायचो, पावडर कालवायचो आणि खाली येऊन चर्चच्या नळाचं पाणी सगळ्यांदेखत गटागटा प्यायचो. लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या बायकोच्या, एतेल्विनाच्या, पोटाकडे.

पोट काही वाढेना. वाढणार कसं? आमची धाकटी ओढ्याच्या पाण्यानं जुलाब होऊन गेली, त्या दिवसापासून एतेल्विनानं मला ओसरीवरच्या झुल्यात झोपायला लावलं होतं. नळ यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एवढं एक वाक्य बोललो असतो, तर क्लोरीन निर्दोष सुटलं असतं. पण सात पोरांचा बाप झुल्यात झोपतो, हे गावाला सांगायचं? त्यापेक्षा क्लोरीनची बदनामी परवडली. असा मी शूर!

शेवटी आजीनं पिंपच बंद करायची मागणी केली. रविवारी उपासनेनंतर हात वर करून ठरवायचं होतं. "पिंप बंद केलंत, तर नळाच्या पाण्यानंही पोरं आजारी पडतील," असं इंजिनिअर बंधू बजावून गेले होते. त्या रविवारी माझ्या पुढच्याच बाकावर आजीची नात तान्हं लेकरू घेऊन बसली होती. ते जांभई देत होतं. देवानं आपल्यासाठी काय केलं, त्याची साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा मी उठलो.

"बंधू-भगिनींनो, परमेश्वराच्या कृपेनं... म्हणजे... मी झुल्यात झोपतो."

"मोठ्यानं बोल की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"झुल्यात झोपतो! एकटा! नळ यायच्या आधीपासून!"

असा हशा उठला की पास्टरसुद्धा तोंडापुढे बायबल धरून हसत होता.

"का रे बाबा, घोरतोस का?" आजीनं विचारलं.

"धाकटी गेली ना, तेव्हापासून."

हशा थांबला. एतेल्विना उठून उभी राहिली. मला वाटलं, आता झुलाही गेला.

"तिला नाव होतं," ती म्हणाली. "डेल्फिना. आजी, तुमच्याच हातात जन्मली, आणि ओढ्याचं पाणी पिऊन गेली. ह्यांची परीक्षा कसली घेताय? क्लोरीन असो नाहीतर नसो, मला आणखी पोर नकोय. आहेत ती जगवायचीत."

पास्टरनं मत विचारलं. पिंप बंद करायला एकही हात वर झाला नाही, आजीचाही नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. धाकटी गेल्यापासून आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मला ते अजून एकदा ऐकायचं होतं, पण एतेल्विनाला 'पुन्हा म्हण' असं सांगायची हिंमत काही झाली नाही.