पिक्चरवाली मामी

रजनी निगुडकरचं डोकं सणकलं ते पडद्यावर स्वतःची हिरवी महेश्वरी साडी बघून.

साडी तिचीच. पदरावर इस्त्रीचा चटका होता, तोसुद्धा दिसला. ती नेसून एक नटी खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरत होती, आणि समोर बनियनवर बसलेला तिचा नवरा तिला आपली कादंबरी वाचून दाखवत होता. मग ती नटी दचकून जागी झाली, नवऱ्याच्या हातातले कागद ओढून घेतले, त्यांच्या पुड्या वळल्या आणि दारात बसून शेंगदाणे विकायला लागली. सगळं थिएटर खदाखदा हसलं. मराठी मंडळाच्या चार रांगा तर शिट्ट्या मारायच्या तेवढ्या राहिल्या.

आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? शेजारी बसलेले अरविंद निगुडकर. खुद्द कादंबरीकार!

"अगं बघ, बघ, कसला हुबेहूब पकडलाय मला," ते मांडीवर थाप मारत म्हणाले.

"तुम्हाला पकडलंय. मला विकलंय," रजनी म्हणाली. पण त्या गलक्यात ऐकतो कोण.

हा पिक्चर केला होता शैलेंद्रने, अरविंदरावांच्या सख्ख्या भाच्याने. मुंबईत आठ-दहा वर्षं कुणाकुणाचा असिस्टंट म्हणून राबला आणि मग स्वतःचा पिक्चर काढायला म्हणून आपलं लटांबर घेऊन उज्जैनला आला. मामाच्या नानाखेड्याच्या घरी महिनाभर तळ ठोकला. रजनीने त्याला काय कमी केलं? रोज सकाळी पोहे, जेवायला दोन भाज्या, सुटीला दालबाटी. "मामी, तुझ्या हातची बाटी म्हणजे क्या बात है!" असं म्हणत पठ्ठ्या तूप ओतून ओतून खायचा. मग हळूच मामाची खुर्ची मागितली, चष्मा मागितला, मामीची साडी मागितली. "एक सीन है मामी, दोन दिवसांत परत देतो." दिली तिने. घरचा पोर, नाही कशाला म्हणायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला मेला.

आता खरं काय होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पिक्चर बघितलेले लोक तेच खरं धरून बसतील.

रजनी वाईहून लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हा तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. भाजीवाल्यापुढे मुकी, शेजारणीपुढे मुकी. पहिली दोन वर्षं न्हाणीघरात नळ सोडून रडली. अरविंदराव सिंचन खात्यात बाबू. संध्याकाळी घरी आले की कादंबरी लिहायचे. कादंबरी एका सगुणाबाईची. जुन्या काळी शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून आलेल्या माणसाची ही बायको. नवरा मेला, आणि आता दक्षिणेत माघारी जायचं की इथेच क्षिप्रेकाठी राहायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न. अरविंदराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून वाचायचे आणि रजनी पोळ्या लाटत ऐकायची. ऐकायची म्हणजे नुसती मान डोलवायची नाही हं! "छे, असं नाही बोलणार ती. नवरा जाऊन महिना नाही झाला आणि अलंकार कसले घालता तिच्या तोंडात?" असं म्हणून लाटणं आपटायची. अरविंदराव चिडायचे, पानं घेऊन बाहेर जायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणायचे. अशी वर्षानुवर्षं गेली. रजनीने त्यातला एक कागद कधी रद्दीत घातला नाही. आणि पिक्चरमध्ये शेंगदाणे!

कादंबरीचं आता शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. पुण्याचे एक प्रकाशक म्हणाले होते, पूर्ण करून पाठवा, छापतो. पिक्चर आला आणि सगळंच बोंबललं.

थिएटरात तो आठवडाभर चालला, पण मग केबलवाल्याने रोज दुपारी लावायला सुरुवात केली. तेव्हा घरोघरी नवीनच केबल आली होती, लोक दिसेल ते बघायचे. देवास गेटला भाजी घ्यायला जावं तर भाजीवाला म्हणायचा, "अरे, वो पिक्चरवाली मामी! भाभीजी, मूँगफली क्या भाव?" रजनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पिशवी तशीच घेऊन ती घरी यायची आणि सगळा राग कुकरवर काढायची.

अरविंदरावांचं मात्र उलटंच. जन्मभर ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांना आता ऑफिसात साहेबसुद्धा चहाला बोलवायचे. "निगुडकरजी, वो खर्राटेवाला सीन करके बताओ ना." आणि हे करून दाखवायचे! एवढं वय झालेला माणूस, खुर्चीत मान टाकून बायको कशी घोरते ते दाखवतो. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हे चढले. संध्याकाळचं लिहिणं बंद. उंबरा रिकामा. रजनी पोळ्या लाटायची आणि पाठीमागे नुसता टीव्ही कोकलायचा.

"शेवटचं प्रकरण कधी?" तिने एकदा विचारलं.

"होईल गं. शैलेंद्र म्हणतोय, पुढच्या पिक्चरला डायलॉग तुम्हीच लिहा मामा. त्याच्यापुढे सगुणाबाईला कोण विचारतंय?"

रजनीने लाटणं ठेवलं. चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीवर जाऊन मुंबईला फोन लावला.

"अरे मामी! कॉमेडी आहे ती, दिल पे मत लो," शैलेंद्र हसत म्हणाला.

"दिल पे नाही घेतलं, साडीवर घेतलंय," रजनी म्हणाली. "माझी साडी दुसरीला नेसवून माझीच टर उडवलीस. महिनाभर त्या उंबऱ्याशी बसून जेवलास ना रे? मी ऐकताना झोपलेली कधी बघितलीस?"

"नाही, पण तू ऐकत बसलीस तर लोक हसणार कशाला, मामी?"

तिने फोन आपटला. बूथवाला तिला ओळखून हसायला लागला होता, तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड फिरवलं.

मग गणपती आले. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारची आरती झाली की अरविंदराव एक प्रकरण वाचत, आणि वाचन संपल्याशिवाय शिरा वाटायचा नाही, असा रिवाज होता. ही युक्ती मंडळाचे सेक्रेटरी विष्णुपंत यांचीच. नाहीतर थांबणार कोण? लोक एक कान कादंबरीकडे आणि दोन्ही डोळे पातेल्याकडे ठेवून बसत. त्या वर्षी पूजेची पाळी निगुडकरांची होती, म्हणजे शिरा रजनीचा, पळी रजनीच्या हातात आणि हॉलची किल्ली रजनीच्या कमरेला.

हॉल कधी नव्हे तो गच्च भरला. दारातसुद्धा माणसं. आरती झाली आणि विष्णुपंत उठले.

"यंदा निगुडकर कादंबरी नाही वाचणार बरं का! यंदा पिक्चरचा सीन होणार, साक्षात!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. अरविंदराव लाजत लाजत पुढे गेले, खुर्ची ओढली, गळ्यातलं उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं आणि मान मागे टाकली. पहिलं घोरणं काढलं. हॉल हशाने फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसायला लागल्या, आणि हसता हसता प्रत्येकजण वळून रजनीकडे बघत होता. आपली बायको सगळ्यांसमोर बसलीये हे या माणसाच्या गावीही नव्हतं.

रजनी उठली. तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि जमिनीवर टाकलं. खणणकन आवाज झाला.

"घ्या," ती म्हणाली. "शिरा घ्या सगळ्यांनी."

"अहो वहिनी, वाचन... म्हणजे सीन व्हायचाय अजून," विष्णुपंत गडबडले.

"शिऱ्यासाठीच थांबता ना वर्षानुवर्षं? मग घ्या आणि चला. आज कुणाला डांबून ठेवायचं नाही."

तिने द्रोण भरायला सुरुवात केली. हात असा चालत होता की कुणाची नाही म्हणायची टाप नव्हती. एकाने घेतला, दुसऱ्याने घेतला, आणि हातात शिरा आल्यावर बसून राहायची कुणाला सवयच नव्हती. बघता बघता हॉल रिकामा झाला. विष्णुपंत दोन द्रोण घेऊन सगळ्यात शेवटी गेले.

उपरणं डोक्यावर तसंच घेऊन अरविंदराव खुर्चीत बसले होते.

"माझा असा पाणउतारा करायची काय गरज होती, रजनी?"

"तुमचा? तुमचा पाणउतारा?" रजनीचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी जागी राहिले हो! ताप असताना ऐकलं, तुमची आई गेली त्या आठवड्यात ऐकलं. आणि तुम्ही चारचौघांत माझं घोरणं काढून दाखवता? लाज नाही वाटत?"

त्यांनी उपरणं खाली घेतलं.

"शेवटचं प्रकरण आणलंय?"

"लिहिलंच नाही."

"पेन आहे ना खिशात? वर्गणीच्या पावत्यांचे कागद आहेत टेबलावर, मागून कोरे आहेत. बसा आणि लिहा. बाप्पा आहे सोबतीला."

"अगं, पण..."

तोवर ती बाहेर पडली होती. दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि रिकामं पातेलं शेजारी ठेवून पायरीवर बसली. समोरून ऑटो जात होते, एका ऑटोवाल्याने "मामी!" अशी हाक मारली, तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पातेल्याच्या कडेला चिकटलेला शिरा तिने बोटाने काढून खाल्ला. साखर कमी पडली होती. एवढं मेलं रामायण झालं, पण तेवढं एक कुणी बोललं नव्हतं.

"रजनी," आतून दाराशी आवाज आला. आवाज पडलेला होता.

"काय?"

"सगुणा शेवटी माघारी जाते, की राहते गं?"

रजनीला एकदम भडभडून आलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"इतक्या वर्षांनी तिकडे ओळखतं कोण तिला?" ती दारावर मूठ आपटून म्हणाली. "राहते. आणि अलंकार घालू नका तिच्या तोंडात. लिहा मुकाट्याने."