बधिर ओठ आणि शिवाचा लास्ट पोस्ट

दसरा, २०१६. जैनूर मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, एक गाव. हजर: मी (हवालदार, पलटणीचा बिगुलर, सुट्टीवर); माझे बिगुलाचे उस्ताद, इचोड्याचे रिटायर्ड सुभेदार शेख साहेब; शिवाचे वडील तुकाराम काका; शिवाची बायको सुनंदा; गावकरी. नायक शिवा आदल्या हिवाळ्यात गस्तीवर शहीद झाला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी मी दूर चौकीवर होतो, येता आलं नाही. काकांनी निरोप पाठवला होता, दसऱ्याला त्याच्या स्मारकाच्या चौथऱ्यासमोर लास्ट पोस्ट, शहिदाच्या मानवंदनेची बिगुलधून, तूच वाजव.

त्या दसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी आली. मुळं नसेला लागून आहेत, ओठ बधिर राहू शकतो, असं डेंटल सेंटरच्या मेजर मॅडमनी आधीच सांगितलं. मी सही केली. दाढ निघाली, इंजेक्शनचा असर उतरला, पण अर्धा खालचा ओठ आणि हनुवटी बधिरच राहिली. चहा ओघळायचा. दाढी करताना कापलं तर आरशात पाहून कळायचं.

मॅडमनी सुई टोचत बधिर भागाची हद्द पेनानं आखली.

"नस कटी नहीं, दबी है. महीने लगेंगे."

"मॅडम, बिगुल?"

"अभी नहीं."

दर तपासणीला हद्द थोडी आत सरकायची. अखेर त्यांनी थोडा थोडा सराव करायला परवानगी दिली आणि मी सुट्टीवर गुडीहत्नूरला आलो. घरामागे सराव सुरू केला. बायको बाहेर आली.

"काऊन असे करून राह्यले तुमी? व्हटातून रक्त येऊन राह्यलं ना."

मला पत्ता नव्हता. बिगुल किती दाबला जातोय हे ओठ सांगत नव्हता, म्हणून मी दाबतच होतो. दात आतून रुतले होते.

दुसऱ्या दिवशी इचोडा गाठलं. शेख साहेबांनी एकदाच ऐकलं.

"दुश्मन हाय का थो? दोन बोटांत धर. दाबताच येनार नाही. मंग हवेनंच वाजवशील."

दसऱ्यापर्यंत तसंच वाजवलं.

दसऱ्याच्याच दिवशी आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. काका म्हणाले, "राती निजलो तं आदिलाबादात होतो. उठलो तं आसिफाबादात. घर थेच हाय."

"याच्या थोबाडावरची हद्द बी सरकून राह्यली, काका," शेख साहेब म्हणाले.

चौथऱ्यासमोर सावधान झालो. बिगुल दोन बोटांत धरला. वरचा सूर लागला आणि टिकला. लास्ट पोस्ट पूर्ण झाला. मग श्रद्धांजलीची दोन मिनिटं. त्यानंतर राउज वाजवतात, जागं करणारा. मी बिगुल उचलला तेव्हा काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हे उठवाचं हाय ना? शिवानं सांगतलं होतं मले. त्याच्या नावाची शिळा चौथऱ्यावर बसू दे, मंग वाजव."

सुनंदानं चहा दिला. कप लावला तर डाव्या बाजूलाही चटका बसला. कप खाली घेतला, पुन्हा लावला. पुन्हा चटका. शेख साहेब पाहत होते. "पी आता," एवढंच म्हणाले.

पुढं ओठ जवळजवळ पूर्ण परतला. पेन्शनवर येईपर्यंत पलटणीचा बिगुल माझ्याकडेच राहिला.

शिळा मात्र अजून कोरलेली नाही; तिच्यावर जिल्हा कोणता लिहायचा, ते ठरत नाही. काका म्हणतात, पोरगा आदिलाबादचा म्हणून भरती झाला, तेच लिहा. सुनंदा म्हणते, पोरींच्या सगळ्या कागदांवर आसिफाबाद आहे, ते लिहा. दोघांचंही मला पटतं. चौथरा तयार आहे. नायक शिवासाठी राउज वाजवायचा राहिला आहे.