कोंडाजींचा कोयता

जांभूळ गावचे कोंडाजी सत्तरीचे आहेत, आणि हातात कोयता आला की ते विचार करत नाहीत. बदलापुरात राहायला आल्यापासून वर्षाचा तांदूळ मी त्यांच्याकडूनच घेतो, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोनं, रखमाबाईंनी, सरकारी योजनेत नाव घातलं. बांधावर ऐनाची शंभर रोपं लावायची. तिसऱ्या वर्षी ऐंशी जिवंत दिसली की शेवटचा हप्ता. त्या हप्त्यातून पुरात ढासळलेली विहीर बांधायची, हे बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तीन उन्हाळे त्यांनी नदीवरून हंडे वाहिले. कोंडाजी बांधावर बसून हसायचे. "रानातल्या झाडांना कोन पानी घालतं गं?"

यंदा माघात राबाची वेळ आली. भाताची रोपं करायची ती जागा आधी भाजून घेतात, आणि भाजायला ऐनाच्या फांद्या तोडतात. ही रीत कोंडाजींच्या आजोबांच्याही आधीची. ते कोयता घेऊन निघाले, तर समोर बांधावरच ऐन. दुपारपर्यंत पंचेचाळीस झाडं गुडघ्याएवढी करून, भारे बांधून, वर बायकोला हाक मारली. "बघ, यंदा लांब जावाच लागला नाय!"

रखमाबाई जे बोलल्या, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

आठवड्यानं शेती खात्याचा विनीत मोबाइल घेऊन मोजणीला आला. उल्हासनगरचा मुलगा, मनानं चांगला. बांधावर दोन चकरा मारून म्हणाला, "आजी, ये तो सगळे खुंट आहेत. पंचावन्नच भरतात."

रखमाबाईंनी एका खुंटाची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. "मेला नाय तो. ऐन तोडला तर फुटतो."

"मान्य. पण फोटोत पान दिसायला पाहिजे, साल नाही चालत. मार्च संपायच्या आत परत येतो. फुटले तर तुमचं नशीब."

त्या संध्याकाळी बाईंनी कोयता भाताच्या कणगीत खोल पुरला. सकाळी कोंडाजी दोन डबे कावडीला बांधून नदीकडे निघाले, आणि मग रोजच. एकदा मला वाटेत भेटले. "कुठं निघालात?" म्हटलं.

"पोरांना पाजाया," म्हणाले आणि मान फिरवली. मी हसलो. नंतर घरी येऊन मला त्या हसण्याची लाज वाटली.

पाडव्यानंतर विनीत आला. बहुतेक खुंटांना चार-चार, पाच-पाच धुमारे, त्यावर कोवळी पानं. मोजता मोजता तोच हसायला लागला. एकोणनव्वद!

"आता शेतकऱ्याचा एक फोटो लागेल. आजी, या."

"यांना घ्या," रखमाबाई म्हणाल्या. "मी तीन वर्सं पानी घातलं, पन यांनी या वयात पयल्यांदाच घातलं."

कोंडाजी फोटोत ताठ उभे आहेत, डोळे मात्र ओले. विनीत गेल्यावर बाई घरात गेल्या, कणगीतून कोयता काढला, पदरानं पुसला आणि नवऱ्यापुढं धरला.

कोंडाजींनी बांधाकडं पाहिलं, मग कोयत्याकडं.

"कणगीतच ठेव," ते म्हणाले. "माज्या हाताचा काय भरोसा नाय."