तलावाचं मनोगत

येरमाळ्याहून आमच्या गावाकडं येताना डाव्या हाताला मधोमध फाटलेला मातीचा भराव दिसतो. बहात्तरच्या दुष्काळात तिथं पाझर तलावाचं काम निघालं होतं. तो तलाव मुकादमाच्या हलगर्जीनं फुटला, असं गावात सांगतात. ते खोटं आहे, आणि ते टिकवण्यात माझा हात आहे.

मी गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो; सोसायटीच्या चेअरमनचाच शब्द तलावाच्या कामावरही चालायचा. गोदाम रिकामं पडलेलं, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी तिथं आमचं चर्चामंडळ बसायचं. देशाचे प्रश्न लवकर संपायचे, मग उत्स्फूर्त भाषणाचा खेळ चालायचा. एकानं विषय द्यायचा, मी काडी ओढायची, ती विझायच्या आत दुसऱ्यानं उभं राहून सुरुवात करायची. विषय शाळेतल्या निबंधासारखे असायचे. मी रिकामी घागर बोलतेय, मी एसटीचा टायर बोलतोय. शेवटी मी नंबर काढायचो. नियम एकच होता, खेळातलं बोलणं गोदामाबाहेर न्यायचं नाही.

तलावावरचा मुकादम आमच्या मंडळातलाच. बौद्ध वस्तीतला पहिला मॅट्रिक. ती वस्ती भरावाच्या खालच्या अंगाला होती. एका शनिवारी शाळेतल्या गुरुजींनी त्याला विषय दिला, "मी पाझर तलाव बोलतोय."

काडी पेटली, पण तो बोलेना.

"मुकादम, बोट भाजतंय माझं," मी म्हणालो. सगळे हसले.

"मी पाझर तलाव बोलतोय," त्यानं सुरुवात केली. "माझं पोट लई मोठं हाय, पण कोरडं हाय. माती टाकली की पाणी मारून ती धुमसानं ठोकावी लागती, तवा बसती. माझ्या वाट्याचं पाणी टँकरनं निघतं आन् चेअरमनसायबांच्या मोसंबीला वळतं. मोसंबी हिरवीगार, म्या भुसभुशीत."

गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "वा रे तलावा! मग आम्हाला मोसंबी तरी खाऊ घाल!"

"पाऊस येऊ द्या गुरुजी. पोट भरलं की म्याच खालच्या वस्तीवर पंगतीला जाणार हाय."

हशा ओसरला तरी तो उभाच होता. मी त्याला पहिला नंबर दिला आणि वर म्हणालो, "काय कल्पना आहे!"

निघताना त्यानं मला दारात गाठलं. "सेक्रेटरीसाब, नंबर नगं मला. तुमी रोज चेअरमनसायबांम्होरं बसता. एवढं कानावर घाला. म्या बोललो तर उद्याच काम जाईल."

"खेळातलं खेळात," मी म्हणालो.

सोमवारी चेअरमननी माझ्यापुढं मोसंबी सोलून ठेवली. प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांत. मी ती खाल्ली आणि काही बोललो नाही.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. भरावाच्या पायथ्याला ओल दिसू लागली, मग तिथं डबकं साचलं. बायका त्यात धुणं धुवायच्या. पारावर कुणी म्हणालं, "पाझर तलाव हाय, पाझरणारच की!" त्या विनोदाला मीही हसलो. रोज जाता-येता माझी नजर तिकडं जायची. डबकं वाढत होतं आणि त्यातलं पाणी भरावाची माती घेऊन गढूळ होत चाललं होतं.

एका भर दुपारी भराव फुटला आणि पाणी खालच्या वस्तीत घुसलं. माणसं रानात होती म्हणून वाचली. घरात निजलेली एक म्हातारी गेली.

चौकशीला उस्मानाबादहून साहेब आले. बैठक त्याच गोदामात झाली. साहेबांनी विचारलं, "काम कच्चं आहे, हे मुकादमानं कुणाला सांगितलं होतं का?" मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. चेअरमन माझ्या शेजारी बसले होते. गुरुजींनी मान खाली घातली.

"माझ्या तरी कानावर नाही," मी म्हणालो.

मुकादमाला कामावरून काढलं. भाऊबंदही त्याच्याशी बोलेनात, कारण म्हातारी त्यांच्यातलीच होती. तो बायकोपोरं घेऊन पुण्याकडं गेला. परत आला नाही.

त्याचा मुलगा परवा आला. केस पिकलेला माणूस. बाप वारल्याचं सांगितलं आणि विचारलं, "काका, आमच्या वडलांनी खरंच कुणाला सांगितलं न्हवतं का?"

"सांगितलं होतं. मला."

चहाला त्यानं हात लावला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

म्हणून हे लिहिलं. येत्या ग्रामसभेत मी ते उभं राहून वाचणार आहे.