फोटोपुरती अध्यक्ष

मंडळी, आज दुपारपासून मला स्वतःची लाज वाटते आहे.

धारला आमच्या घरी कारागिरांच्या नव्या सहकारी संस्थेची पहिली बैठक होती. कापडावर छापेकाम करणारे, खेळणी आणि टोपल्या करणारे सगळे आले होते. बोलणं अर्थात हिंदीत चाललं होतं. अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळे म्हणाले, "सुगनाबाई को ही बनाओ, दीदी." सुगनाबाई नालछ्याच्या, बांबूच्या टोपल्या विणतात.

माझी देवासची नणंद शेजारीच बसली होती. मी हसत हसत तिला मराठीत म्हटलं, "हिला फोटोपुरती अध्यक्ष करू. कारभार आपणच बघू."

आपली, मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांची, ही सवय तुम्हाला ठाऊक आहे. चारचौघांत काही खासगी बोलायचं असलं की आपण मराठीत बोलतो, जणू समोरचा माणूस तिथे नाहीच.

सुगनाबाईंनी शांतपणे चहा घेतला. निघताना दारात चपला घालून त्या वळल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "येते वहिनी. फोटोच्या दिवशी निरोप पाठवा."

त्यांच्यामागोमाग नालछ्याच्या बाकीच्या बायकाही उठल्या. मग कळलं, सुगनाबाई कितीतरी वर्षं ऊसतोडीला नगरकडे जायच्या.

उद्या नालछ्याला जाऊन माफी मागणार आहे. हिंदीत मागितली तर वरवरची वाटेल, आणि मराठीत त्यांच्यासमोर तोंड उघडायचा धीर होत नाही. तुम्हीच सांगा, कोणत्या भाषेत मागू?